विस्थापन शून्य, तिकीट मात्र दोन्हीकडचं: नववीच्या वर्गातल्या विनोदाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातली ही माध्यमिक शाळा. ओळख पटू नये म्हणून गावाचं, शाळेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, काही बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे, तिथे मी भौतिकशास्त्र शिकवते. मुख्याध्यापकांच्या विनंतीवरून या प्रकरणात मी आधी उत्तरपत्रिका पाहायला आणि नंतर तासांना बसायला गेले. पुढे जे लिहिलं आहे ते त्या तासांवरून, सरांच्या टाचणांवरून आणि मुलांशी झालेल्या बोलण्यावरून.

नववीला विज्ञान शिकवणारे सर तरुण. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून लागलेले, विषयाची जाण चांगली, मुलांमध्ये मिसळणारे. त्यांच्या वाट्याला आलेल्या नववी ब तुकडीची ख्याती अशी की जेवणाच्या सुट्टीनंतर तिथे तास घ्यायला कुणी राजी नसायचं. पट पन्नाशीच्या घरात. हंगामात पहाटे उसाच्या कामाला हात लावून येणारी मुलं, दुपारी डोळे मिटायला लागलेले. पाठ्यपुस्तकातलं पहिलंच प्रकरण ‘गतीचे नियम’. जडत्व, विस्थापन, त्वरण असे शब्द फळ्यावर आले की मागचे बाक खिडकीबाहेर बघायचे.

सरांनी ठरवलं की मुलं जे दिवसभर बघतात तेच वर्गात आणायचं. माजी विद्यार्थ्यांनी दिलेला प्रोजेक्टर शिक्षक खोलीत कपड्यात गुंडाळून ठेवलेला होता, तो बाहेर काढला. गाजलेल्या सिनेमांचे संवाद, बैलगाडा शर्यतींच्या रील्स, क्रिकेटमधली चित्रं आणि त्यांवर विज्ञानाच्या ओळी. कोरोनाच्या काळात शाळा बंद असताना तयार झालेले वर्गवार व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू होतेच. तासातली चित्रं तिथेही जाऊ लागली.

वर्ग बदलला, हे निर्विवाद. हजेरी वाढली. शेजारच्या अ तुकडीतली मुलं दारात येऊन उभी राहायला लागली. मुख्याध्यापकांनी परिसरातल्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्याचं कौतुकही केलं.

अडचण

पहिली घटक चाचणी झाली आणि सरांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. ‘मुलांना सगळं आठवतंय, पण जे आठवायला हवं ते सोडून,’ एवढंच म्हणाले.

मी प्रश्नवार वाचत गेले. तीन उत्तरांचा वेगवेगळा विचार करावा लागला.

पहिला प्रश्न अंतर, म्हणजे कापलेली सगळी वाट, आणि विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, यांतल्या फरकाचा. इथे वर्गाने उत्तम लिहिलं होतं, नेहमी कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांनीसुद्धा. सरांनी वर्गात जाता जाता म्हटलेलं एक वाक्य जवळजवळ प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत उतरवलं होतं: ‘आष्ट्याहून एसटीनं सांगलीला गेलो, परत आष्ट्याला आलो. विस्थापन शून्य, तिकीट मात्र दोन्हीकडचं!’ एसटीचं भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं, म्हणजे कंडक्टर अंतराचे पैसे घेतो, विस्थापनाचे नाही. एका मुलीने पुढे लिहिलं होतं, ‘विस्थापनावर तिकीट असतं तर परत आल्यावर पैसे परत मिळाले असते.’ याहून चांगलं उत्तर मी बारावीच्या वर्गातही क्वचित वाचलं आहे.

दुसरा प्रश्न न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा. त्यासाठी सरांनी एका मारधाडीच्या सिनेमातलं चित्र दाखवलं होतं. नायकाला गुंड मारतात, मध्यंतरानंतर नायक उठतो आणि दुप्पट मारतो. चित्राखाली ओळ: ‘याला म्हणतात न्यूटनचा तिसरा नियम.’ वर्ग डोक्यावर घेतला होता मुलांनी. आणि उत्तरपत्रिकेत? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं होतं की आधी क्रिया होते, मग काही वेळाने प्रतिक्रिया होते, आणि ती ज्याच्यावर बल लावलं तो करतो, जमलं तर जास्त जोराने. तिसऱ्या नियमाचा गाभा असा की क्रिया बल आणि प्रतिक्रिया बल एकाच वेळी प्रयुक्त होतात, परिमाणाने समान असतात, दिशेने विरुद्ध असतात आणि दोन वेगवेगळ्या वस्तूंवर प्रयुक्त होतात. चित्राने मुलांच्या मनात यातल्या पहिल्या दोन गोष्टी उलट्या बसवल्या होत्या. चित्र दाखवलं नसतं तर काही मुलांनी उत्तर कोरं सोडलं असतं. आता त्यांच्याकडे उत्तर होतं, ठाम होतं आणि चुकीचं होतं.

तिसरा प्रश्न जडत्वाचा, म्हणजे आहे त्या स्थितीत राहण्याच्या वस्तूच्या प्रवृत्तीचा. त्याच्या उत्तरांमध्ये जेसीबी होता. का, ते मला तेव्हा कळलं नाही. त्याच आठवड्यात कळलं.

जडत्व शिकवताना, वस्तुमान जास्त तितकं जडत्व जास्त, हे सांगण्यासाठी सरांनी मागच्या बाकावरच्या अंगाने भरलेल्या एका मुलाकडे हात करून म्हटलं होतं, ‘याला हलवायला जेसीबी लागेल.’ वर्ग हसला, मुलगाही हसला. सर पुढे गेले. मुलं मात्र पुढे गेली नाहीत. कुणीतरी त्या मुलाचा स्नेहसंमेलनातला फोटो आणि जेसीबीचं चित्र एकत्र केलं, खाली ‘जडत्व’ असं लिहिलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपमधले नंबर बहुतेक पालकांचे. म्हणजे ते चित्र पन्नासेक घरांत, आईबापांच्या हातातल्या मोबाईलवर पोचलं. त्यात त्या मुलाचंही घर होतं.

मुलगा शाळेत यायचा बंद झाला. काही दिवसांनी त्याची आई मुख्याध्यापकांच्या खोलीत आली. आरडाओरडा नाही, तक्रारअर्ज नाही. ‘सर, आमचं पोरगं जाड हाय, ते आमास्नी ठावं हाय. पर त्याचं चित्र काढून समद्यांच्या मोबाईलवर कशापायी धाडलं? पोरगं जेवाय बसत न्हाय.’ सरांना काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही.

समोर असलेले पर्याय

त्या दुपारी शिक्षक खोलीत जी चर्चा झाली ती मला महत्त्वाची वाटते, कारण तिथे बोललेल्या प्रत्येकाच्या म्हणण्यात काही ना काही तथ्य होतं.

पर्यवेक्षकांचं मत होतं की हे सगळं बंद करावं. प्रोजेक्टर परत कपाटात, ग्रुप बंद, फळा आणि खडू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, हे त्यांनी आठवून दिलं. तो कायदा 6 ते 14 वयोगटासाठी आहे आणि नववीतली मुलं नेमकी त्या रेषेवर असतात. पण पोराच्या मनाला वय विचारून लागत नाही, असं ते म्हणाले आणि ते बरोबरच होतं. तरीही हा पर्याय मला पटला नाही. बंद केलं असतं तर आष्ट्याची एसटीही गेली असती, आणि तीच तर वर्गाला सगळ्यात जास्त शिकवून गेली होती.

दुसरा पर्याय नियम घालण्याचा होता. ग्रुपवर फक्त ॲडमिनला संदेश टाकता येईल अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये 2018 पासून आहे, ती चालू करायची. विद्यार्थ्यांचे फोटो वापरायचे नाहीत. बाकी जसं चाललंय तसं चालू द्यायचं. हा सोपा मार्ग होता आणि बहुतेकांचा कल तिकडेच होता. माझी हरकत एवढीच की यातून तिसरी अडचण सुटते, दुसरी तशीच राहते. सिनेमातल्या मारामारीने कुणाचा अपमान केला नव्हता, पण नियम मात्र उलटा शिकवला होता.

तिसरा पर्याय असा की विनोद ठेवायचा, पण त्याची जागा बदलायची. शैक्षणिक मानसशास्त्रात यावर झालेलं काम मी सरांसमोर ठेवलं. अवनर झिव्ह यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संख्याशास्त्राच्या एका गटाला सत्रभर विषयाशी जोडलेला विनोद वापरून शिकवलं गेलं आणि सत्राअखेरच्या परीक्षेत त्या गटाचे गुण दुसऱ्या गटापेक्षा जास्त आले. उलट हार्प आणि मेयर यांनी 1998 साली दाखवलं की वीज कशी पडते या मजकुरात चटकदार पण प्रक्रियेशी संबंध नसलेले किस्से घातले की वाचणाऱ्यांना किस्से आठवतात आणि मुख्य प्रक्रिया कमी आठवते. दोन्ही गोष्टी आमच्या त्या एका गठ्ठ्यात समोर दिसत होत्या.

यातून सरांनी स्वतःसाठी एक कसोटी काढली. विनोदातून संकल्पना काढून घ्यायची आणि बघायचं की हसू उरतं का. एसटीच्या वाक्यातून विस्थापन काढलं तर हसण्यासारखं काहीच उरत नाही. हसायचं असेल तर विस्थापन समजलेलं असावं लागतं. नायकाच्या मारामारीतून न्यूटन काढला तरी मारामारी तेवढीच रंगते. जेसीबीतून जडत्व काढलं तर एक जाड मुलगा आणि त्याला हसणारा वर्ग एवढंच उरतं. ही कसोटी मला अजूनही या प्रकरणातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते.

काय केलं

सगळ्यात आधी मुलाचा प्रश्न. सर त्याच्या घरी गेले, आईवडिलांसमोर त्याची माफी मागितली. पुढचा निर्णय अवघड होता: वर्गासमोर माफी मागायची का? सरांची तयारी होती. मुख्याध्यापकांचंही मत तेच, कारण चूक वर्गात झाली होती. पण मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘वर्गात परत माझं नाव नको.’ त्याचं ऐकलं. सरांनी वर्गाला नाव न घेता सांगितलं की कुणाच्या शरीरावर, रंगावर, बोलण्यावर, जातीवर किंवा घरच्या परिस्थितीवर मी इथून पुढे विनोद करणार नाही, केला तर तिथल्या तिथे मला थांबवा. चित्र बनवणाऱ्या मुलांना वेगळं बोलावून पालकांसमक्ष समज दिली. ग्रुपवरचं चित्र काढून टाकलं, ग्रुप ॲडमिनपुरता केला. मुलाने अ तुकडी मागितली, ती दिली.

मग शिकवण्याचा भाग. इथे वाट दाखवली ती मराठीच्या ज्येष्ठ सरांनी. शाहीर पठ्ठे बापूरावांचं गाव रेठरे हरणाक्ष याच तालुक्यातलं, त्यामुळे तमाशाच्या जुन्या बाजाची माहिती या भागात अजून लोकांच्या तोंडी आहे. मराठीच्या सरांनी तमाशातली बतावणी सुचवली. बतावणीत सरदार प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या त्याचा भलताच अर्थ लावून पेचात पकडतो. मराठीचे सर म्हणाले, ‘तुमच्या पोरांच्या डोक्यात जी चुकीची समजूत आहे ती सोंगाड्याच्या तोंडी द्या. वर्ग सोंगाड्याला हसेल, पण बोलेल सोंगाड्या त्यांच्याच मनातलं.’

तिसऱ्या नियमासाठी सरांनी आणि चार मुलांनी मिळून लिहिलेली बतावणी मी तासाला बसून पाहिली. सोंगाड्याने गाडी अडवून धरलेली. सरदार विचारतो, का रं थांबलास?

‘म्या न्हाय थांबलो सरदार, न्यूटननं थांबवलंया. त्यो म्हणतो, बैल गाडीला जेवढ्या जोरानं फुडं वढतो तेवढ्याच जोरानं गाडी बैलाला मागं वढती. बेरीज शून्य! मग उगं चाबूक कशाला झिजवायचा? बैल सोडा, घरला जाऊ.’

इथे सर मध्ये आले. बतावणी थांबवली आणि वर्गाला हात वर करायला लावले: सोंगाड्या बरोबर की चूक? मोठा गट सोंगाड्याच्या बाजूने. मुलं हसत होती आणि अडकलीही होती. गाडी चालते हे रोज दिसतं, नियमही खरा आहे, मग हिशेब चुकला कुठे? पाच मिनिटं जोडीजोडीने चर्चा. हे सगळं मी मागच्या बाकावरून बघत होते. एरवी त्या वेळेला निम्मी डोकी बाकावर टेकलेली असायची.

मग सरदार पुढे: ‘बेरीज कुणाची केलीस? एक जोर गाडीवर, दुसरा बैलावर. शेजाऱ्याला उसाचं बिल आलं आणि तुझ्या डोक्यावर तेवढंच सोसायटीचं कर्ज. बेरीज शून्य म्हणून तुझं कर्ज फिटलं व्हय रं?’

‘तसं फिटत असतं तर शेजाऱ्यासाठी नवस बोललो असतो, सरदार!’

हशा ओसरल्यावर फळ्यावर दोन आकृत्या. एकीत फक्त गाडी: पुढे बैलाची ओढ, मागे घर्षण, ओढ जास्त असेल तर गाडीला पुढे त्वरण, म्हणजे तिचा वेग वाढतो. दुसरीत फक्त बैल: पाय जमिनीला मागे रेटतात, जमीन बैलाला पुढे रेटते, गाडी त्याला मागे ओढते, जमिनीचा रेटा जास्त असला की बैल पुढे जातो. मागून एक मुलगा उठून म्हणाला, ‘म्हणून उसाची गाडी भरल्यावर डांबरी चढाला बैल घसरतो. जमीन त्याला रेटतच न्हाय.’ कारखान्याच्या रस्त्यावर हे त्याने शंभरदा पाहिलेलं असणार. घर्षणाचा पुढचा तास सरांनी त्याच्या वाक्यापासूनच सुरू केला.

तंत्रज्ञानाचा वापरही याच धोरणाने बदलला. चित्रं दाखवण्याऐवजी फोनने मोजायचं. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं. टिचकी मारली की पुठ्ठा जातो, नाणं पेल्यात पडतं. सरांनी ते स्लो मोशनमध्ये टिपलं आणि पडद्यावर थांबवत थांबवत दाखवलं. नाणं जागच्या जागी राहतं हे मुलांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत ॲप फोनमधल्या संवेदकांवरून त्वरण मोजतं. फोन सायकलच्या दांडीला बांधून मैदानात ब्रेक मारला आणि आलेखात उठलेलं टोक मुलांनी वहीत काढलं. फोन एकच, सरांचा. मुलांना फोन आणायला लावायचा नाही हे ठरलेलं होतं, कारण सगळ्या घरांत तो मोकळा नसतो.

परिणाम

सत्र परीक्षेत तिसऱ्या नियमावरची उत्तरं पालटली. ‘वेगवेगळ्या वस्तूंवर’ हे शब्द जवळपास सगळ्यांनी लिहिले, बऱ्याच जणांनी आकृतीसह. घर्षणावरही चांगलं लिहिलं गेलं. ‘आधी क्रिया, मग प्रतिक्रिया’ ही समजूत मात्र काही उत्तरपत्रिकांत टिकून होती. एकदा हसत हसत डोक्यात बसलेलं चुकीचं चित्र पुसायला बरोबर शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हा अनुभव आम्हा दोघांनाही आला.

बतावणी वेळ खाते. एक लिहायची, बसवायची, थांबत थांबत सादर करायची म्हणजे दोन तास गेलेच. वर्षाअखेरची प्रकरणं सरांना घाईने उरकावी लागली. रसायनशास्त्रात त्यांनी बतावणी वापरली नाही; कार्बनी संयुगांची नावं पाठ करण्यात सोंगाड्याला काही काम नव्हतं. मला हा निर्णय योग्य वाटला. गैरसमज जिथे घट्ट असतो तिथेच हा बाज कामाला येतो.

पालकसभेत एका आजोबांनी विचारलं, ‘पोरींना तमाशात उभं करणार का?’ मराठीच्या सरांनी बतावणी म्हणजे काय ते समजावून सांगितलं, पण आजोबांच्या नातीने त्या सत्रात भाग घेतला नाही. पहिल्या बतावणीत दोन्ही भूमिका मुलग्यांनीच केल्या होत्या. नंतर एका मुलीने सोंगाड्या मागून घेतला आणि वस्तुमान-वजनाची बतावणी तिने गाजवली: चंद्रावर वजन 1/6 होतं म्हणून गूळ तिकडे नेऊन विकायचा का, असा तिचा पेच होता. विकणारा तागडीने तोलणार की स्प्रिंगच्या काट्याने, यावर वर्गात चांगलाच वाद रंगला. तागडीत दोन्ही पारड्यांवरचं गुरुत्व सारखंच घटतं, त्यामुळे गूळ तेवढाच भरतो, हे मुलांनीच शोधून काढलं.

तो मुलगा अ तुकडीत रुळला. सरांच्या तासाला बसतो, वहीही तपासून घेतो. बतावणीत किंवा प्रयोगात पुढे येत नाही. त्याने यावं म्हणून सरांनी आग्रह केलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ग्रुप शाळा उघडल्यावर लगेच ॲडमिनपुरता करायला हवा होता. साथीच्या काळात ज्या सोयीने शिक्षण चालू राहिलं तिची गरज संपल्यावर तिचे नियम कुणी पुन्हा बघितलेच नाहीत. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घालतो. ग्रुपमधल्या पोरांच्या गमतीपर्यंत तो कायदा पोचेल की नाही हा वेगळा मुद्दा. पण मुलांचे फोटो कुठे जातात याकडे शाळेने या नजरेने आधीच बघायला हवं होतं.

समजलं की नाही याची तपासणी घटक चाचणीपर्यंत थांबली, हेही चुकलं. मारामारीचं चित्र दाखवल्यानंतर त्याच तासाला ‘यात प्रतिक्रिया बल कुणावर?’ एवढं एक विचारलं असतं तर गोंधळ तिथेच उघडा पडला असता. आता सर प्रत्येक विनोदानंतर असा एक प्रश्न टाचणातच लिहून ठेवतात.

माफीच्या बाबतीत माझं आणि मुख्याध्यापकांचं मत अजून जुळलेलं नाही. मुलाची इच्छा पाळली हे मला बरोबर वाटतं. मुख्याध्यापकांना वाटतं की शिक्षकाला माफी मागताना वर्गातल्या मुलांनी पाहिलं नाही, आणि नाव न घेता सांगितल्यामुळे काहींना ती फक्त सूचना वाटली. त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. मुलाला थोडा वेळ देऊन, काही आठवड्यांनी पुन्हा विचारता आलं असतं. ते राहून गेलं.

बाकीच्या विषयांचे शिक्षक हसूची ही कसोटी वापरतील का, यावर अजून चर्चा चालू आहे. इतिहासाच्या बाईंनी एक तास करून पाहिला, भाषेच्या शिक्षकांना ती त्यांच्या विषयाला जशीच्या तशी लागू होत नाही असं वाटतं. सर सध्या दहावीच्या अपवर्तनावर काम करताहेत. विहिरीचा तळ वर आल्यासारखा का दिसतो, याची बतावणी अर्धी लिहून झाली आहे आणि सोंगाड्याच्या तोंडी कुठली चुकीची समजूत द्यायची ते ठरवण्यासाठी त्यांनी आधी मुलांकडूनच लेखी उत्तरं मागवली आहेत.